अरण : जिथे माळ्याच्या भेटीला देव येतो



पंढरपूर तुम्हांला नवे नाही. घरटी एक तरी माणूस आषाढीला नाहीतर कार्तिकीला जाऊन आलेले असते. चंद्रभागेचे स्नान, नामदेव पायरीवर डोके, रांगेतले दर्शन, पिशवीत चुरमुरे-बत्ताशांचा प्रसाद आणि मिळेल त्या एस.टी.ने परत, अशी आपली यात्रा. पण पंढरपुराहून तास-दीड तासाच्या अंतरावर एक लहानसे गाव आहे. तिथे वाकडी वाट करून जाणारे थोडे. गावाचे नाव अरण, तालुका माढा, जिल्हा सोलापूर. संत सावता माळी यांचे हे गाव.

आषाढात आळंदीहून, देहूहून, पैठणहून, त्र्यंबकेश्वराहून संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, हे आपण लहानपणापासून पाहतो. अरणची रीत उलटी आहे. सावतोबांची पालखी पंढरपूरला जात नाही. आषाढी झाली की पांडुरंगाची पालखी पंढरपुरातून निघते आणि सावतोबांच्या भेटीला अरणला येते. भक्ताने देवाकडे जावे हा जगाचा रिवाज. इथे देव भक्ताच्या मळ्याकडे चालत येतो.

मी शेतकी खात्यातला माणूस. बियाणे, खते, औषधे आणि पाण्याच्या पाळ्या यांबद्दल बोलण्यात माझी नोकरी गेली. देवाधर्माचे सांगणे माझे काम नव्हे; ते कीर्तनकार माझ्याहून चांगले सांगतील. तरी अरणबद्दल लिहावेसे वाटते, कारण ते आपल्या धंद्याचे गाव आहे. पीक हातचे गेले, भाव पडला, विहीर आटली, अशा वर्षी माणसाने कशाच्या आधाराने उभे राहायचे, हा प्रश्न मला गावोगाव भेटतो. त्याचे एक जुने उत्तर या गावच्या मातीत आहे.

वाट आणि मुलूख

पुण्याकडून येणाऱ्याने सोलापूरचा रस्ता धरावा. इंदापूर मागे पडले की भीमानगरला उजनीचे धरण लागते. पुढे टेंभुर्णी आणि मग मोडनिंब. सोलापूरकडून येणाऱ्यास मोहोळ आणि शेटफळ ओलांडून मोडनिंबला यावे लागते. रेल्वेने यायचे तर कुर्डुवाडी-पंढरपूर मार्गावर मोडनिंबला स्टेशन आहे. मोडनिंबहून अरण अगदी जवळ.

वाटेत खिडकीची जागा मिळाली तर झोपू नका. हा मुलूख पाहण्यासारखा आहे. सह्याद्रीने पावसाचे ढग पश्चिमेला अडवायचे आणि उरलेसुरले इकडे सोडायचे, असा हा पर्जन्यछायेचा पट्टा. वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलीमीटर पाऊस, आणि तोही सांगून येत नाही. जूनमध्ये हुलकावणी द्यायची आणि सप्टेंबरात एकदम कोसळायचे, ही त्याची सवय. म्हणून इथला खरा हंगाम रब्बीचा. काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर ज्वारी काढायची. तुमच्या-आमच्या भाकरीची मालदांडी ३५-१ ही ज्वारी याच वाटेवरच्या मोहोळच्या संशोधन केंद्राची देणगी आहे.

१९८० साली उजनी पूर्ण झाले आणि कालव्याच्या पट्ट्याचे रूप पालटले. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, केळी, डाळिंब, द्राक्षे दिसतात. पण कालव्यापासून थोडे दूर गेले की पुन्हा मुरमाड माळ, बाभळी, बोरी आणि उघडी पडलेली विहीर. एकाच शिवारात हिरवे आणि करडे असे दोन रंग शेजारी शेजारी नांदतात. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ या जिल्ह्याने सोसला. १९७२ चा तर घरातल्या म्हाताऱ्यांच्या अजून तोंडी आहे. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, हातावर सुकडी घ्यायची आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी खायची, असे ते वर्ष. दुष्काळच नव्हे, २०२५ च्या सप्टेंबरात याच माढा तालुक्यात सीना नदीचा पूर शेतांत शिरला. पाण्यावाचून आणि पाण्यापायी, दोन्ही तऱ्हेची संकटे पाहिलेला हा भाग आहे.

सातशे वर्षांपूर्वी, इंजिन नाही, कालवा नाही, अशा काळात याच मुलुखात एक माणूस भाजीचा मळा करीत होता.

माळ्याचे घर

सावतोबांचा जन्म १२५० सालचा. देवगिरीवर तेव्हा यादवांचे राज्य होते. आजोबा देवू माळी हे वारकरी. वडील परसोबा, आई नांगिताबाई. शेजारच्या भेंड गावच्या भानवसे घराण्यातील जनाबाईशी त्यांचे लग्न झाले. विठ्ठल नावाचा मुलगा आणि नागाताई नावाची मुलगी, असा संसार. शके १२१७, म्हणजे १२९५ साली, आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी देह ठेवला. वय अवघे पंचेचाळीस. ज्ञानेश्वर-नामदेवांचा हा समकालीन.

त्यांचे सदतीस अभंग आज आपल्याला मिळतात. ते उतरवून घेतले काशीबा गुरव यांनी. सावतोबा काम करता करता म्हणायचे आणि काशीबा लिहून घ्यायचे. सदतीस म्हणजे फार नव्हेत. पण त्यांतला एक अभंग असा आहे की, महाराष्ट्रात ज्याला तो ठाऊक नाही असा माणूस सापडणे कठीण. भाजीच्या वाफ्यातल्या एकेका जिनसेत त्यांना विठाई दिसली, तो हा अभंग. मोट, नाडा, विहीर, दोरी हेही त्यात आले आहे.

या अभंगात एक गंमत आहे. ती शेतकी शिकलेल्या माणसाच्या चटकन ध्यानात येते. त्यात मिरचीचे नाव आहे. आता मिरची हे मूळचे अमेरिकेतले झाड. पोर्तुगीज लोकांबरोबर ते सोळाव्या शतकात आपल्याकडे आले. सावतोबांच्या मळ्यात मिरची असणे शक्य नव्हते. मग हा शब्द कुठून आला? पुढच्या पिढ्यांनी अभंग गाताना आपल्या वाफ्यातली मिरची त्यात लावली असावी, असे मला वाटते. मला त्यात काही वावगे दिसत नाही. अभंग त्यांनी पोथीत बांधून ठेवला नाही, मळ्यासारखा वाहता ठेवला. नवे रोप आले तसे त्याला जागा दिली.

अरणला गेल्यावर सावतोबांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. त्यांच्या मळ्यातच ही समाधी झाली असे परंपरा सांगते. दर्शन झाल्यावर घटकाभर तिथे टेकावे आणि त्या काळचा मळा डोळ्यांपुढे आणावा. विहिरीवर चामड्याची मोट. धावेवरून बैल खाली जातात, नाडा ताणला जातो, सोंड थारोळ्यात रिकामी होते, पाणी पाटाने धावते. वाफ्याच्या तोंडाशी माळी दारे धरून उभा. एक वाफा भरला की मातीने दार बुजवायचे आणि दुसरे फोडायचे. पाणी कमी असले की प्रत्येक वाफ्याला घोट-घोट वाटून द्यायचे. मागाहून वाफसा आला की खुरपे घेऊन बसायचे. हेच काम दिवसभर, हेच वर्षभर.

तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी मोट हाकलेली असेल. मोटेवर मुका माणूस क्वचितच असायचा. बैलांच्या येण्या-जाण्याला एक ठेका असतो आणि त्या ठेक्यावर गाणे आपोआप येते. सावतोबांचे नामस्मरण त्या ठेक्यावरचे. त्यासाठी काम थांबवावे लागत नव्हते. योग, याग, तीर्थ, व्रत यांच्या खटाटोपाची गरज नाही असे ते सांगत, आणि स्वतः कधी पंढरपूरला गेले नाहीत असे परंपरा सांगते. मळा टाकून जायचे म्हणजे पाण्याची पाळी चुकणार, हे माळ्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

या घरात भांडण झाले नाही असे मात्र समजू नका. सासरकडची माणसे घरी पाहुणी आली आणि सावतोबा भजनात इतके रंगले, की त्यांची विचारपूसही झाली नाही. जनाबाई रागावल्या. मग सावतोबांनी त्यांची समजूत घातली, अशी कथा आहे. मला ही कथा फार जवळची वाटते. मळ्यात देव पाहणाऱ्याच्या चुलीपाशीही तुमच्या-आमच्या घरातलीच बोलणी होत होती. मळ्याचे काम जितके गड्याचे तितकेच बाईचे. जनाबाईंच्या हातावाचून तो मळा पिकला नसता.

पोटात लपलेला देव

अरणची दुसरी एक आख्यायिका घरातल्या मुलांना जरूर सांगा. याच माढा तालुक्यात लऊळ नावाचे गाव आहे. तिथे कूर्मदासांचे स्थान आहे. कूर्मदास हातापायांनी अधू. पैठणाहून ते लोळत लोळत पंढरीला निघाले. लऊळपर्यंत आले आणि एकादशी तोंडावर आली. आता पोहोचणे होत नाही म्हणून त्यांनी देवालाच निरोप धाडला. देव निघाला. बरोबर ज्ञानदेव आणि नामदेव. वाटेत अरण लागले. देव त्या दोघांना मागे ठेवून गुपचूप मळ्यात शिरला आणि सावतोबांना म्हणाला, "दोन चोर माझ्या पाठीस लागले आहेत, मला कुठेतरी लपव." सावतोबांनी हातातल्या खुरप्याने आपले पोट चिरले आणि देवाला आत लपवले. बाहेर नामदेव देवाला शोधून शोधून रडकुंडीला आले.

कथा कथेसारखी ऐकावी. पण तिच्यातले खुरपे पाहा. देवाला जागा करून देण्यासाठी त्या माणसाने मंत्र म्हटला नाही की होम केला नाही. रोज ज्याने हराळी काढायची, तेच अवजार उचलले.

एका शेतकऱ्याचा प्रश्न

काही वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची एक सहल घेऊन आम्ही या भागात गेलो होतो. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, ते पाहिले आणि परतीच्या वाटेवर अरणला गाडी थांबवली. गाडीत चाळिशीचा एक डाळिंबवाला होता. तेल्या रोगाने त्याची दोन एकर बाग गेली होती. तेल्या म्हणजे काय, हे डाळिंब केलेल्याला सांगायला नको. फळावर तेलकट काळा डाग पडतो, फळ चिरते, आणि बघता बघता बाग हातची जाते. त्याने त्याच वर्षी झाडे मुळासकट उपटून जाळली होती. संशोधन केंद्रात सगळे प्रश्न विचारत होते. हा मागे उभा राहून नुसते ऐकत होता.

समाधीचे दर्शन झाले. सगळे पायऱ्यांपाशी चपला शोधत होते, तेव्हा तो मला म्हणाला, "साहेब, सावतामाळ्याच्या मळ्यात कधी रोग पडला नसंल का हो?"

मी काही बोलायच्या आत आमच्यातले एक म्हातारे माळकरी म्हणाले, "पडला असंल की बाबा. मावा न्हाई पडला, करपा न्हाई आला, असा मळा हाय का जगात? पर त्यानं देवाशी सौदा कुठं केला हुता?"

गाडीत बसल्यावर मी या बोलण्याचा विचार करीत राहिलो. सावतोबांच्या अभंगात कांदा आहे. कांद्याला काय भाव मिळाला ते नाही. किती पाट्या निघाल्या, बाजारात काय आले, हिशेब कुठेच नाही. याचा अर्थ त्यांना हिशेब नव्हता असा नव्हे. माळ्याचे पोट भाजीवर चालते आणि बाजार तेव्हाही होता. पण देव त्यांनी भावात शोधला नाही, उगवणाऱ्या रोपात पाहिला. भाव पडला की भावातला देव रुसतो. रोप उगवायचे थांबत नाही.

इथे एक गोष्ट मी स्पष्ट सांगतो. कुणी अडचणीत असलेल्या शेतकऱ्याला "देवाचे नाव घे, सगळे ठीक होईल" असे सांगून वाटेला लावत असेल, तर ते सावतोबांचे सांगणे नव्हे. कर्ज हे कर्ज असते. पीकविमा, कर्जाचे पुनर्गठन, नुकसानीचा पंचनामा यांची कामे वेळेवर आणि कागदपत्रांनिशीच करावी लागतात. ती वाफा लावून होत नाहीत. पण ती करायला माणूस सकाळी अंथरुणातून उठावा लागतो. त्याने जेवावे, चार माणसांत बसावे, उद्याचा दिवस आहे असे त्याला वाटावे लागते. मोठे पीक गेलेल्या माणसाचे पहिल्यांदा हेच जाते. घरातली माणसे सांगतात, "ते रानाकडं जातच न्हाईत आता." विस्तार अधिकारी म्हणून मला रोगाच्या डागापेक्षा या वाक्याची जास्त भीती वाटते.

अशा माणसाला मोठ्या रानात परत नेणे कठीण असते. हातभर वाफ्यापाशी नेणे सोपे असते.

छावणीतली मेथी

२०१२-१३ च्या दुष्काळात सोलापूर-सातारा भागात जनावरांच्या चारा छावण्या होत्या, हे तुम्हांला आठवत असेल. दावणीला जनावरे आणि शेजारी पाल ठोकून त्यांची माणसे. घर गावात आणि संसार छावणीत. दिवस जाता जात नसे. चारा टाकला, पाणी दाखवले, शेण काढले, की पुढचा चारा येईपर्यंत आभाळाकडे पाहत बसायचे.

एका छावणीत मी पन्नाशीच्या एका मावशींना पाहिले. जनावरांच्या पाण्याच्या टाकीपाशी सांडलेल्या पाण्याने ओल राहायची. तिथे त्यांनी दोन हात रुंद आणि चार हात लांब असा वाफा केला होता. शेणखताला तोटा नव्हता. वरून उसाच्या पाचटाची सावली. मेथी बोटभर आली होती. मी म्हटले, "मावशी, एवढ्या मेथीनं काय होणार?" त्या म्हणाल्या, "भाजी कसली हो साहेब, दोन जुड्या बी व्हायच्या न्हाईत. पर सकाळी उठलं की आदी हिकडं बघते. कालच्यापरीस आज वाईच वर आलेली दिसती."

जुड्या निघाल्या त्या त्यांनी शेजारच्या पालांत मूठ-मूठ वाटल्या. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्या रांगेत आणखी तीन वाफे झाले होते. एकात कोथिंबीर, एकात मुळा.

यामागे शेतीशास्त्राचेही कारण आहे. ज्वारी पेरली तर कणीस हाती यायला चार महिने. उसाला वर्षाच्या वर. डाळिंबाला पहिले फळ धरायचे तर दोन-तीन वर्षे. खचलेल्या मनाला एवढी वाट पाहवत नाही. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती फोडून वर येते आणि चोवीस-पंचवीस दिवसांत काढणीला येते. पालक महिन्याभरात, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. आणि वाफ्याला रोज जावे लागते. आज पाणी, उद्या खुरपणी, परवा विरळणी. आज नाही गेलो तरी चालेल, असे भाजी म्हणू देत नाही. हे रोजचे जाणेच माणसाला धरून ठेवते. वारकरी याला नेम म्हणतात. माळेचा नेम असतो तसा वाफ्याचाही नेम असतो.

२०२० च्या आषाढात कोरोनामुळे पालख्यांनाही पायी जाता आले नाही. संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरपूरला न्याव्या लागल्या. पिढ्यान् पिढ्यांची वारी चुकलेली किती तरी माणसे त्या दिवसांत घरी कासावीस होऊन बसली होती. आमच्या भागातल्या एका वारकरी आजोबांनी त्या महिन्यात परसात वाफे केले आणि रोज पहाटे पाणी घालताना हरिपाठ म्हटला. "यंदा सावतोबांची वारी," असे ते म्हणत. सावतोबांची रीत त्या वर्षी पुष्कळांच्या कामी आली.

हातभर वाफा

आता माझ्या खात्याचे चार शब्द. अरणहून परत आल्यावर प्रसादाबरोबर एक वाफाही घरी आणावा, असे माझे सांगणे आहे.

जागा लहानच घ्या. तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद एवढा वाफा एका माणसाला झेपतो. मोरीच्या किंवा आडाच्या जवळ, सकाळचे ऊन येईल अशी जागा बघा. माती वीतभर खणून ढेकळे फोडा आणि दोन-तीन पाट्या चांगले कुजलेले शेणखत मिसळा. ताजे शेण घालू नका. त्याने हुमणी आणि वाळवीला आमंत्रण मिळते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर. थंडीच्या दिवसांत एवढ्या वाफ्याला रोज वीस-पंचवीस लिटर पाणी पुरते, म्हणजे दोन कळश्यांच्या आसपास. उन्हाळ्यात दुप्पट लागते. पाणी संध्याकाळी किंवा पहाटे द्या आणि रोपांच्या मधल्या मातीवर पाचट किंवा वाळलेला पाला पसरा, ओल टिकते. टंचाई असेल तर भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी वाफ्याला चालते. साबण-सोड्याचे पाणी पालेभाजीला घालू नका. ते परसातल्या केळीला किंवा शेवग्याच्या आळ्यात सोडा.

सगळे बी एकदम टाकू नका. वाफ्याचे चार भाग पाडा आणि आठ-आठ दिवसांनी एकेक भाग पेरा. म्हणजे दर आठवड्याला काहीतरी उगवत असेल आणि काहीतरी निघत असेल. धने पेरण्याआधी हलके रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवा. त्यांना उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा घाई करून उकरून पाहू नका. कडेला चार रोपे मिरचीची लावा. सावतोबांच्या वाफ्यात ती नव्हती, पण त्यांच्या अभंगात तिला जागा मिळाली आहे. कुंपणावर दोडका किंवा घेवडा चढवा.

आणि एक सांगतो. घरात कुणी गप्प झाले असेल, रानाकडे जाणे टाळत असेल, जेवणावरून मन उडाले असेल, तर त्याला उपदेश करीत बसू नका. "जरा दारे धरायला ये" असे म्हणून वाफ्यापाशी न्या. त्याच्या हातात खुरपे द्या आणि शेजारी बसा. बोलला तर ऐका. तरीही मन ताळ्यावर येत नसेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा तोंडी येत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. सरळ सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा. त्यात कमीपणा नाही. पिकाला रोग पडतो तसा मनालाही पडतो आणि त्यावरही औषध आहे.

त्या डाळिंबवाल्याचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. चमत्कार काही झाला नाही. सहलीहून परतताना मोडनिंबच्या बाजारात त्याने मेथीचे आणि मुळ्याचे बी घेतले, एवढे मी पाहिले. दोन महिन्यांनी त्याच्या गावी गेलो तेव्हा घरामागे वाफे होते आणि त्याची आई मुळे उपटत होती. कर्ज फिटलेले नव्हते. बँकेच्या कागदांवर सही घ्यायला तो माझ्याबरोबर तालुक्याला आला. वाटेत पहिल्यांदाच पुढच्या हंगामाबद्दल बोलला. बागेच्या जागी आधी ज्वारी-हरभरा घेऊन जमिनीला विश्रांती द्यावी, असे आमचे ठरले.

कधी जावे

अरणला वर्षात केव्हाही जाता येते. गर्दीची आणि सोहळ्याची हौस असेल तर आषाढ वद्य चतुर्दशीच्या सुमारास जा. समाधी सोहळ्याच्या त्या दिवसांत पांडुरंगाची पालखी गावात येते, भजन-कीर्तनाने गाव दुमदुमते आणि नारळांची श्रीफळ हंडी फोडली जाते. हजारो माणसे लोटतात. निवांतपणा हवा असेल तर पौष-माघात जा. ज्वारी हुरड्यात आलेली असते, हवेत गारवा असतो, आणि वाटेवरच्या मळ्यांत कांद्याच्या पाती डुलत असतात. येताना-जाताना लऊळच्या कूर्मदासांचेही दर्शन होईल.

बरोबर मुलांना न्या. बैलाची मोट त्यांनी पाहिलेली नसते. थारोळे कशाला म्हणत, सोंड कुठे असे, ते आजीआजोबांना त्यांच्याकडून समजावून घेऊ द्या. आणि निघण्याच्या आधी, चार दिवस अगोदर, घरच्या वाफ्यात मेथी पेरून ठेवा. परत याल त्या दिवशी ती माती फोडून वर आलेली असेल. हातपाय धुतले की आधी तिला पाणी घाला आणि मग प्रसाद वाटा.